क्रेफेल्डच्या बाटल्या: कीटक ७६ टक्क्यांनी घटले, हे मोजलं कसं?

१८ ऑक्टोबर २०१७ रोजी 'प्लॉस वन' या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि त्यातला एक आकडा जगभर फिरला: जर्मनीतल्या संरक्षित क्षेत्रांमधले उडणारे कीटक २७ वर्षांत ७६ टक्क्यांनी कमी झाले. पुढे सांगोवांगी तो 'तीन चतुर्थांश कीटक मेले' असा झाला, कुठे 'तीन चतुर्थांश प्रजाती नाहीशा झाल्या' असाही. मूळ निबंधात यांपैकी काहीच म्हटलेलं नाही. तिथे मोजलं गेलं ते वजन. १९८९ ते २०१६ या काळात ठरावीक बनावटीच्या सापळ्यांमध्ये दिवसाला किती ग्रॅम कीटक पडले, एवढंच.

निसर्गातल्या जिवांची मोजदाद करणाऱ्या कोणालाही हे प्रकरण बारकाईने वाचण्यासारखं आहे. यातली सगळ्यात भक्कम गोष्ट संख्याशास्त्रात सापडत नाही, ती एका चाळणीत आणि एका घड्याळात आहे. आणि सगळ्यात कच्चा दुवा सापळ्यात नाही, तो जागा आणि वर्षं यांच्या जुळणीत आहे. दोन्ही बाजू नीट पाहिल्या की '७६' या आकड्यावर किती भार टाकायचा हे कळतं.

कोणी, कुठे, किती

क्रेफेल्ड हे नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यातलं ऱ्हाइनकाठचं शहर. तिथली कीटकशास्त्र मंडळी १९०५ पासून चालत आलेली आहे. सभासद बहुतेक हौशी, पण हौशी म्हणजे कच्चे नव्हेत. एकेका कीटकगटावर आयुष्य घालवलेली माणसं त्यात आहेत. मार्टिन झोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात सगळीकडे एकाच मापाचे सापळे लावायचं ठरवलं आणि त्यात पडलेलं सगळं, ओळखता येवो न येवो, अल्कोहोलमध्ये जपून ठेवलं. पुढे नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या राडबाउड विद्यापीठातले कास्पर हॉलमान आणि हान्स दे क्रून यांनी मंडळींसोबत या साठ्याचं विश्लेषण केलं.

साठा असा: ६३ जागा, त्यांतल्या ५७ नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालियात, पाच ब्रांडेनबुर्गमध्ये, एक ऱ्हाइनलांड-फाल्झमध्ये. एकूण १,५०३ बाटल्या, १६,९०८ सापळा-दिवस (एक सापळा एक दिवस लावला की एक सापळा-दिवस), ५३.५४ किलो कीटक. भागाकार केला तर एक बाटली सरासरी ११ दिवस लावलेली होती आणि एका सापळ्यात दिवसाला सरासरी ३.२ ग्रॅम कीटक पडत होते. ही ओल्या कीटकांची वजनं आहेत, वाळवलेल्यांची नाहीत. त्याचं कारण पुढे येईल.

जागा निवडताना अधिवासांत विविधता होती: निकस वाळूचे माळ आणि हीथची झुडपी रानं, सकस गवताळ कुरणं, पडीक जमिनी, नव्याने झुडपं माजलेल्या जागा. मात्र यांतल्या ९४ टक्के जागांना शेतीचा वेढा होता. म्हणजे 'संरक्षित' हा शब्द ऐकून डोळ्यांसमोर येतं तसं सलग रान इथे नाही. शेतांच्या मधोमध उरलेले हे छोटे तुकडे आहेत.

सापळा पकडतो काय आणि सोडतो काय

वापरलेला सापळा 'मालेझ' जातीचा. रेने मालेझ हा स्वीडिश कीटकतज्ज्ञ १९३० च्या दशकात ब्रह्मदेशात संकलन करत होता. तंबूत शिरलेले कीटक बाहेर पडायची वाट शोधत छताच्या वरच्या कोपऱ्यात जमतात, आणि त्या कोपऱ्याला भोक असेल तर तिथून निसटतात, हे त्याने हेरलं. त्या भोकाला बाटली लावली की सापळा तयार. पुढे हेन्री टाऊन्स या अमेरिकन तज्ज्ञाने त्याची हलकी, सुधारित रचना केली. आज जगभर वापरतात ती बहुतेक त्याच वळणाची.

रचना साधी. मध्ये जाळीच्या कापडाची काळी उभी भिंत, वर पांढरं उतरतं छप्पर, दोन्ही बाजू उघड्या. काळी भिंत उडत्या कीटकाला दिसत नाही. तो तिच्यावर आपटतो आणि उजेडाच्या ओढीने वर चढतो. पांढरं छप्पर त्याला उंच टोकाकडे नेतं आणि तिथल्या मुखातून तो बाटलीतल्या ८० टक्के इथेनॉलमध्ये पडतो. आमिष नाही, दिवा नाही. त्यामुळे 'दुरून ओढून आणलं' असा आक्षेप या सापळ्यावर घेता येत नाही. वाटेत आडवं येणारं तेवढंच तो धरतो.

पण आडवं येणारं सगळं वर चढत नाही. माश्या, चिलटं, गांधीलमाश्या, परजीवी वास्प हे वर जातात. त्यांच्यासाठी हा सापळा उत्तम. भुंगेऱ्यांना मात्र आपटल्यावर पाय आखडून खाली पडायची सवय असते. ते भिंतीच्या पायथ्याशी गवतात पडतात आणि चालू लागतात. भिंतीखाली पाण्याची पसरट ताटं ठेवली तर तेही मिळतात, पण तो वेगळा सापळा झाला आणि त्याचे आकडे वेगळे लिहावे लागतात. चतुर चपळ, जाळी पाहून वळतात. जमिनीवर चालणाऱ्यांचा तर प्रश्नच नाही, त्यांच्यासाठी मातीत पेला पुरून खड्डा-सापळा करावा लागतो. म्हणून 'उडणारे कीटक' हे शब्दही जरा सैलच आहेत. 'उडणारे, आपटल्यावर वर चढणारे कीटक' असं म्हटलं तर ते खरं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सापळा रानात किती कीटक आहेत हे मोजत नाही. त्या जागेवरून किती कीटक गेले हे मोजतो. संख्या तीच राहिली आणि ऊन चांगलं पडलं, तर कीटक जास्त उडतात आणि बाटली जड होते. आठवडाभर गार पाऊस झाला तर हलकी. म्हणजे बाटलीतला आकडा हा संख्या आणि हालचाल यांचा गुणाकार आहे. एका बाटलीवरून दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

क्रेफेल्डकरांनी जे केलं त्याचं मोल इथे कळतं. कापडाची जात, रंग, मापं, भिंतीची जमिनीलगतची कड बंद करायची पद्धत, सापळ्याचं तोंड कोणत्या दिशेला, जमिनीचा उतार किती, हे सगळं त्यांनी २७ वर्षं सारखं ठेवलं. हे वाचायला कंटाळवाणं वाटतं, पण यांतली एक जरी गोष्ट वाटेत बदलली असती तर पुढचं सगळं गणित फुकट गेलं असतं. भिंतीखाली चार बोटांची फट राहिली की खालून जाणारे कीटक निसटतात. काळी भिंत उन्हाने करडी पडली की ती कीटकाला दिसू लागते. सापळा आधी झुडपांच्या कडेला लावला होता आणि नंतर दहा पावलं सरकवून उघड्यावर आणला, तर कीटकांची उडण्याची वाटच सुटते. अशा चुका एका हंगामात दिसत नाहीत. वीस वर्षांनी त्या 'घट' किंवा 'वाढ' म्हणून समोर येतात.

चाळणी, तीस अंश, दहा सेकंद

आता वजनाकडे. अल्कोहोलमधल्या कीटकांचं वजन करणं ऐकायला सोपं वाटतं, पण बाटली उपसून कीटक काट्यावर ठेवले तर वजनात किती कीटक आणि किती अल्कोहोल हे कोण सांगणार? एक जण घाईत गाळतो, दुसरा अर्धा तास निथळू देतो. तोच नमुना दोघांकडे वेगळा भरतो. पूर्ण वाळवून वजन केलं तर हा प्रश्न सुटतो, पण वाळवलेला कीटक चुरगळतो, पाय-मिशा तुटतात आणि पुढे प्रजाती ओळखायची वाट बंद होते. नमुना जपायचा असेल तर ओलंच वजन करावं लागतं, आणि ओलं वजन करायचं तर निथळण्याचा नियम ठरवावा लागतो.

नियम असा होता. १० सेंटिमीटर व्यासाची, ०.८ मिलिमीटर छिद्रांची स्टेनलेस स्टीलची चाळणी घ्यायची. बाटली तिच्यात रिकामी करून कीटक हलक्या हाताने पसरायचे. चाळणी काचेच्या भांड्यावर ३० अंशांत तिरकी ठेवायची. तिरकी अशासाठी की सुरुवातीचं अल्कोहोल झटकन एका कडेला जमून ठिबकतं आणि वेळ वाचतो. मग थेंब पाहत बसायचं. लागोपाठच्या दोन थेंबांमधलं अंतर पहिल्यांदा १० सेकंदांहून जास्त झालं, की त्या क्षणी काट्यावर ठेवायचं. आधी नाही, नंतर नाही.

यात 'पाच मिनिटं निथळू द्या' असं का म्हटलं नाही? जुलैतली भरगच्च बाटली आणि एप्रिलमधली चिमूटभर बाटली यांना निथळायला सारखा वेळ लागत नाही. पाच मिनिटांत लहान नमुना सुकायला लागलेला असतो आणि मोठ्यातून अजून धार चाललेली असते. घड्याळाचा नियम नमुन्याच्या आकारानुसार पक्षपात करतो, थेंबाचा नियम बराच कमी करतो. मोजमापाच्या पद्धतीत अशी एक साधी, हाताने करता येणारी, पण कोणीही केली तरी तीच येणारी खूण सापडणं हे खरं कौशल्य. संगणकातल्या गणिती प्रारूपांवर (मॉडेल्सवर) पानंच्या पानं लिहिली जातात. या दहा सेकंदांवर कोणी फारसं लिहीत नाही.

तरी त्यात एक खोच उरतेच. बारीक कीटकांच्या ढिगात पृष्ठभाग जास्त, फटी जास्त, म्हणून तो ढीग जास्त अल्कोहोल धरून ठेवतो. १० ग्रॅम चिलटं आणि १० ग्रॅम भुंगे-पतंग यांत प्रत्यक्ष शरीराचं वजन सारखं नसतं. काळाच्या ओघात मोठे कीटक जास्त गळाले असतील, तर ओलं वजन ती घट किंचित लपवेल. उलट एखादा जाडजूड पतंग बाटलीत पडला की त्या आठवड्याचं वजन उगाच फुगतं. वजन हा आकडा मोठ्यांच्या बाजूने बोलतो, हे ध्यानात ठेवूनच तो वाचायचा.

जागा बदलत गेल्या, तिथे खरा पेच

२७ वर्षांचा अभ्यास म्हटल्यावर आपण गृहीत धरतो की ६३ जागी दरवर्षी सापळे लागत होते. तसं नव्हतं. ३७ जागी फक्त एकाच वर्षी सापळा लावला गेला. २० जागी दोन वर्षं, पाच जागी तीन वर्षं, एका जागी चार वर्षं. बेरीज केली तर जागा-वर्षांच्या जोड्या ९६ भरतात. ६३ गुणिले २७ म्हणजे १,७०१ जोड्या शक्य होत्या.

याचा अर्थ १९८९ मधल्या जड बाटल्या आणि २०१४ मधल्या हलक्या बाटल्या बहुतांशी वेगवेगळ्या रानांतल्या आहेत. समजा सुरुवातीच्या वर्षांत योगायोगाने सकस कुरणं जास्त निवडली गेली आणि शेवटच्या वर्षांत निकस वाळूचे माळ. तर कीटक एकाने न घटताही आलेख खाली येईल. हा आक्षेप किरकोळ नाही, आणि लेखकांनी तो झाकूनही ठेवला नाही. एकेका जागेचा कल काढण्याजोगी ही माहिती नाही, असं त्यांनी स्वतःच लिहिलं आहे.

त्यांनी यावर तीन उपाय केले. पहिला, प्रारूपात अधिवासाचा प्रकार, भोवतालची जमीन, वनस्पतींच्या नोंदी, तापमान, पाऊस, वारा हे सगळं घातलं. वनस्पतींच्या नोंदी सापळ्यांच्या जवळच घेतलेल्या होत्या, जमिनीचा वापर हवाई छायाचित्रांवरून, सापळ्याभोवती २०० मीटरच्या वर्तुळात मोजलेला होता. हे घटक एका जागेतून दुसऱ्या जागेतला आणि एका दिवसातून दुसऱ्या दिवसातला फरक बऱ्यापैकी समजावतात, पण वर्षागणिक उतरणारी रेघ त्यांनी सपाट होत नाही. दुसरा, ज्या २६ जागी एकाहून जास्त वर्षं सापळे लागले होते तेवढ्याच घेऊन पुन्हा गणित केलं. घट जवळपास तेवढीच आली. माझ्या मते सगळ्या निबंधात हा तपास सगळ्यात वजनदार आहे. ७६ टक्के हा आकडा पटवून द्यायचा असेल तर मुख्य आलेख बाजूला ठेवून हाच आधी दाखवावा. तिसरा, अधिवासांचे तीन गट वेगवेगळे तपासले, तिन्हींत घट दिसली.

बाटल्या किती दिवसांनी बदलल्या हेही एकसारखं नव्हतं, आणि कोणत्याही हौशी मंडळींना ते जमणार नाही. ११ दिवसांची बाटली सरळ ११ ने भागली तर हंगामाचा चढ-उतार पुसला जातो. म्हणून प्रारूपात रोजचं अपेक्षित वजन धरलं आणि बाटली लावलेल्या दिवसांपुरती त्याची बेरीज करून प्रत्यक्ष वजनाशी ताडली. हंगामभराचा आकडा ७६ टक्के, आणि ऐन उन्हाळ्यात, जेव्हा बाटल्या सर्वांत जड असायला हव्यात तेव्हा, ८२ टक्के. वर्षाला धरलं तर ७६ टक्के म्हणजे साधारण पाच टक्क्यांची उतरण. पाच टक्के एका वर्षात कोणाच्याही लक्षात येत नाहीत. हवामानामुळे होणारा वर्षावर्षांतला फरकच त्याहून कितीतरी मोठा असतो.

कारणाबद्दल मात्र या माहितीतून काही सिद्ध होत नाही. भोवतालच्या शेतांत कोणती कीटकनाशकं कधी, किती मारली याची नोंद हाताशी नव्हती. शेतीची तीव्रता हा लेखकांचा अंदाज होता, निष्कर्ष नव्हे.

१४३ प्रजाती, मग १०४: हे उणं ३९ कसं वाचायचं

वजन म्हणजे जैवविविधता नव्हे. १०० ग्रॅम कीटक एकाच प्रजातीच्या डासांचे असू शकतात किंवा हजार प्रजातींचे. प्रजाती मोजायच्या तर बाटली उघडून एकेक जीव ओळखावा लागतो, आणि दीड हजार बाटल्यांमधल्या लाखो कीटकांसाठी तेवढे तज्ज्ञ जगात कुठेच नाहीत. म्हणून एखादा गट निवडतात. क्रेफेल्डकरांनी वाहनबाख खोऱ्यातल्या सापळ्यांमधल्या हॉवरफ्लाय निवडल्या. या फुलांसमोर हवेत जागच्या जागी तरंगणाऱ्या, गांधीलमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे असलेल्या निरुपद्रवी माश्या. त्यांची परागीभवनात मोठी भूमिका आहे, अनेकींच्या अळ्या मावा खातात, आणि युरोपात त्या ओळखायच्या किल्ल्या चांगल्या तयार आहेत.

१९८९ साली त्या सापळ्यांत १७,२९१ हॉवरफ्लाय सापडल्या, १४३ प्रजातींच्या. २०१४ साली त्याच जागी २,७३७ सापडल्या, १०४ प्रजातींच्या. जागा त्याच, म्हणून वरचा पेच इथे नाही. माश्या ८४ टक्क्यांनी कमी, प्रजाती २७ टक्क्यांनी कमी.

आता '३९ प्रजाती नाहीशा झाल्या' असं लिहायचा मोह होतो. थांबा. नमुना सहापट लहान झाला आहे, आणि लहान नमुन्यात प्रजाती कमी येणारच, रानात सगळ्या जिवंत असल्या तरी. किती कमी येतील हे काढता येतं. १९८९ च्या १७,२९१ माश्यांमधून डोळे मिटून २,७३७ उचलल्या असं समजा. प्रत्येक माशी उचलली जाण्याची शक्यता २,७३७ भागिले १७,२९१, म्हणजे जवळपास १६ टक्के. ज्या प्रजातीची तिथे एकच माशी होती, ती या लहान नमुन्यात दिसण्याची शक्यता तेवढीच, १६ टक्के. दोन माश्या असतील तर २९ टक्के. पाच असतील तर ५८. दहा असतील तर ८२. अशा सापळ्यांत एकेकट्या आणि दोन-दोनच सापडलेल्या प्रजातींचा भरणा नेहमीच मोठा असतो. म्हणजे ३९ मधल्या काही प्रजाती केवळ नमुना आटल्यामुळे यादीतून गळाल्या असणार.

ही तुलना रीतसर करण्याला विरलन म्हणतात: मोठा नमुना गणिताने लहान नमुन्याच्या मापाला आणायचा, मग प्रजाती मोजायच्या. दोन जागांची किंवा दोन वर्षांची प्रजातीसंख्या ताडून पाहताना हे केल्याशिवाय एक पाऊलही पुढे जाऊ नये. पण याची दुसरी बाजू आहे, आणि ती अनेकदा विसरली जाते. विरलन केल्यावर समजा दोन्ही वर्षांची प्रजातीसंख्या सारखी निघाली. म्हणजे काहीच बिघडलं नाही का? छे! माश्या सहापट कमी झाल्या आहेत, आणि फुलांना परागीभवन करणारी माशी हवी असते, प्रजातींची यादी नको असते. विरलन 'प्रमाण बदललं का' एवढ्याच प्रश्नाचं उत्तर देतं. किती उरलं याचं उत्तर मूळ आकड्यातच आहे. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापावेत.

न दिसलेल्या प्रजातींचा अंदाजही एकेकट्यांवरूनच बांधतात. चाओ या तैवानी संख्याशास्त्रज्ञ बाईंनी १९८४ मध्ये दिलेलं सूत्र सोपं आहे: एकदाच सापडलेल्या प्रजातींच्या संख्येचा वर्ग, भागिले दोनदाच सापडलेल्यांच्या संख्येची दुप्पट. येणारा आकडा सापडलेल्या प्रजातींत मिळवायचा. एकदाच सापडलेल्या २० आणि दोनदाच सापडलेल्या १० असतील, तर ४०० भागिले २०, म्हणजे निदान २० प्रजाती अजून नजरेआड. 'निदान' हा शब्द काढू नये, कारण हे सूत्र खालची मर्यादा देतं. आणि ओळख पटवताना चूक झाली की हे सूत्र आधी कोसळतं. एकाच प्रजातीचे नर-मादी दोन प्रजाती म्हणून लिहिले की खोटे एकेकटे वाढतात, आणि सूत्रात त्यांचा वर्ग होतो.

पुढे काय झालं

निबंधाचा राजकीय परिणाम झटपट झाला. २०१९ च्या सुरुवातीला बव्हेरियात मधमाश्या वाचवण्याच्या लोकमागणीवर साडेसतरा लाखांच्या आसपास सह्या झाल्या. विज्ञानात मात्र उलटतपासणी सुरू झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. सेबास्टियान साइबोल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये जर्मनीतल्या १५० गवताळ आणि १४० जंगली जागांचे २००८ ते २०१७ चे आकडे मांडले. यातल्या अनेक जागांवर दरवर्षी नमुने घेतलेले होते, म्हणजे क्रेफेल्डची उणीव भरून निघत होती. गवताळ जागी संधिपाद प्राण्यांचं वजन ६७ टक्क्यांनी, संख्या ७८ टक्क्यांनी आणि प्रजाती ३४ टक्क्यांनी कमी आढळल्या. तिन्ही आकडे वेगळे, आणि इथेही प्रजातींची घट सर्वांत कमी.

२०२० मध्ये रुल व्हान क्लिंक यांच्या गटाने जगभरच्या १६६ दीर्घ पाहण्या एकत्र केल्या. जमिनीवरच्या कीटकांत दशकाला सुमारे ९ टक्के घट निघाली, गोड्या पाण्यातल्या कीटकांत ११ टक्के वाढ. क्रेफेल्डचा उतार इतर ठिकाणांहून बराच तीव्र आहे, हे त्यातून दिसलं. आणि २०२३ मध्ये म्युलर आणि सहकाऱ्यांनी असा दावा केला की कीटकाच्या पूर्ण जीवनचक्रातल्या हवामानाचे तिढे, म्हणजे आदल्या हिवाळ्यातली ऊब, वसंतातली थंडी-ओल हे सगळं धरलं, तर ही घट बरीचशी समजते, आणि हवामान अनुकूल झाल्यावर २०२२ मध्ये बाटल्या पुन्हा जड झाल्या होत्या. मूळ निबंधात सापळा लावलेल्या काळातलं हवामान मुख्यत्वे धरलं होतं. या दाव्यावरही आक्षेप घेतले गेले आहेत.

हे सगळे वाद होऊ शकतात, कारण बाटल्या शिल्लक आहेत. वजन करून फेकून दिलं असतं तर हॉवरफ्लाय मोजताच आल्या नसत्या.

सह्याद्रीत हेच करायचं तर

जर्मनीचा आराखडा उचलून इथे ठेवता येत नाही. सापळा तोच, पण खोड्या वेगळ्या.

परवानग्या आधी. संरक्षित क्षेत्रात वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि इथेनॉल बाळगायला राज्य उत्पादन शुल्क खात्याची. दुसऱ्या परवानगीला वेळ लागतो, हे धरूनच हंगाम ठरवावा. जून चुकला की वर्ष गेलं.

जागा रानाच्या आणि गवताच्या सीमेवर, भिंत कीटकांच्या वाटेला आडवी, बाटलीचं टोक उजेडाकडे. ताण दोऱ्यांना सैल पडू देऊ नये. पहिल्या जोरदार सरीनंतर कापड ओलं होऊन झोळ पडतो आणि कीटक त्या झोळात अडकून बसतात. पावसाळ्यात दर फेरीला दोऱ्या ताणाव्या लागतात आणि बाटलीच्या मुखावर झाकण हवं, नाहीतर पाणी शिरून अल्कोहोल पातळ होतं आणि नमुना कुजतो. मे महिन्यात उलट: बाटली आठवड्याच्या आत आटते. म्हणून उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी फेरी, पावसाळ्यात सात दिवसांनी, आणि प्रत्येक बाटलीवर लावल्याची आणि काढल्याची तारीख-वेळ. ११ दिवसांची आणि चार दिवसांची बाटली एकाच गणितात बसवायची असेल तर ही वेळ हरवून चालत नाही.

मुंग्या हा इथला खास उपद्रव. दोऱ्यांवरून चढून त्या बाटलीच्या मुखाशी बसतात, येणारे कीटक पळवतात आणि स्वतःही पडून वजन वाढवतात. दोऱ्यांच्या खालच्या टोकाला वीतभर ग्रीस लावावं, आणि पावसाने धुतलं की पुन्हा. मुखात कोळ्याने जाळं विणलं आहे का हे दर फेरीला पाहावं. एक कोळी आठवड्याचा निम्मा नमुना खाऊ शकतो, आणि वहीत ते 'घट' म्हणून उतरतं. गुरांसाठी काट्यांचं कुंपण, पण ते सापळ्यापासून दोन मीटर तरी लांब, नाहीतर कुंपणच कीटकांची वाट बदलतं. आणि भिंतीला टेकणारं गवत कापत राहावं. पावसाळ्यात तीन आठवड्यांत ते छपराला लागतं.

चिठ्ठी बाटलीच्या आत, जाड कागदावर, पेन्सिलने. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि सहा महिन्यांनी कोरी चिठ्ठी हातात येते. पुढे डीएनए काढायचा विचार असेल तर ८० टक्के अल्कोहोल पुरत नाही. बाटली आणल्या दिवशीच ९५ टक्क्यांवर बदलावी.

जैवविविधता कायदा, २००२ खाली गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या झाल्या. त्यात काय आढळतं याची यादी असते, किती शोधल्यावर आढळलं हे बहुधा नसतं. त्यामुळे दहा वर्षांनी त्याच गावची नवी वही केली तर दोन याद्यांची तुलना करता येत नाही. प्रजाती कमी झाल्या की शोधणारे कमी फिरले, हे कळायला मार्ग उरत नाही. यादीशेजारी तीन रकाने वाढवले तरी पुष्कळ: किती जणांनी, किती तास, कोणत्या वाटेवर. सापळा असेल तर किती सापळा-दिवस. ज्या दिवशी काहीच सापडलं नाही तो दिवसही वहीत यायला हवा. त्या शून्याशिवाय भागाकार होत नाही.

किती सापळे हा प्रश्न नेहमी येतो. हाताशी दोनच सापळे असतील तर ते दरवर्षी त्याच दोन जागी, त्याच आठवड्यांत लावावेत. दरवर्षी नव्या जागी नेले तर गावाची यादी लांब होते, पण वर्षांची तुलना जाते. सहा असतील तर चार कायम ठेवून दोन फिरवावेत. आणि वजन कोण करणार ते पहिल्याच वर्षी ठरवावं. एकाच नमुन्याचं वजन दोघांनी, एकमेकांचा आकडा न पाहता, थेंबाच्या नियमाने करून बघावं. फरक पाच टक्क्यांच्या पुढे जात असेल, तर वर्षाला पाच टक्क्यांची घट त्या हातांना कधीच दिसणार नाही. मग आधी चाळणीवरचा हात बसवावा आणि मगच सापळे लावावेत.